तिसऱ्या मजल्यावरच्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन घरांमध्ये फक्त एक जिना आहे, तरी हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. तुम्ही जे केलंत ते एका बापाने दुसऱ्या बापासाठी केलं, आणि असं करणारे लोक मला फार भेटलेले नाहीत. आपण पुरुष जमलो की गाडीचं अ‍ॅव्हरेज, फ्लॅटचे भाव, चाकणचं ट्रॅफिक यांवर तासभर बोलतो. तान्ह्या बाळाची पहिली शी काळी आणि चिकट असते, मग हिरवट होते आणि काही दिवसांत पिवळी व्हायला लागते, हे मला सांगणारे तुम्ही पहिले पुरुष. ते आधीच ठाऊक होतं म्हणून हॉस्पिटलमध्ये लेकीचं पहिलं दुपटं मी शांतपणे बदललं. नर्स नुसती बघत उभी राहिली.

हिला सातवा लागला तेव्हा तुम्ही जिन्यात गाठून विचारलंत, "रजा किती मिळणार?" बाकी सगळे नावं सुचवत होते. आईला २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बापाचं तसं नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीत कंपनी देईल ते. माझी तुटपुंजी रजा आणि साठवलेल्या सुट्ट्या तुम्ही बोटांवर मोजल्यात आणि म्हणालात, "सगळी पहिल्याच झटक्यात संपवू नका. तेव्हा घरात आई असेल, सासूबाई असतील, मालिशवाल्या मावशी येतील. खरी गरज सव्वा महिन्यानंतर लागते." अगदी तसंच झालं. सासूबाई साताऱ्याला परत गेल्या, आईचे गुडघे बोलायला लागले आणि बरोब्बर त्या आठवड्यात माझी उरलेली रजा सुरू झाली. हा सल्ला मी ऑफिसात आता प्रत्येक होणाऱ्या बापाला देतो, तुमचं नाव घेऊन.

मग ती पिशवी. बाळाला पहिले कपडे वापरलेले, दुसऱ्या बाळाच्या अंगावरून आलेले घालायचे, ही आपल्याकडची रीत किती शहाणी आहे हे त्या पिशवीमुळे कळलं. पंचवीस वेळा धुऊन मऊ पडलेली झबली, टोपडी, दोन कुंच्या, काकूंच्या जुन्या नऊवारीची गोधडी. वहिनींनी प्रत्येक वयाचं वेगळं गाठोडं बांधलं होतं आणि तुम्ही कागदावर, काय विकत घ्यायचं आणि काय नाही, ते लिहून दिलं होतं. तो कागद अजून फ्रिजवर आहे. त्यातल्या गोष्टी वापरून झाल्या आहेत, तर माझं मत आता ठामपणे सांगू शकतो.

छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी ही पुण्यात बाळासाठी घ्यायची पहिली वस्तू. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेलाही ती हवी. दिवसा लंगोट, रात्री डायपर, हे तुमचं सूत्र आम्ही जसंच्या तसं उचललं. उन्हाळ्यात छान चाललं, जुलैत मात्र दोरीवरचं एकही लंगोट वाळेना. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रात्रभर पंख्याखाली टाकून सकाळी इस्त्री फिरवली की काम व्हायचं. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा, हेही तुमच्याच कागदावर होतं. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई सकाळी कचरा घ्यायला येतात, हाताने वेगळा करतात. त्यांना उघडून बघायची वेळ येऊ नये. डायपरच्या पाकिटांवर मी इतकं काय काय वाचलं, पण तो कचरा पुढे कुणाच्या हातात जातो हे तुमच्या कागदाशिवाय कुठे वाचलं नाही.

बाबागाडी घेऊ नका म्हणालात, घेतली नाही. आपल्या गल्लीतल्या फुटपाथवर कुठे झाडाचं आळं, कुठे डीपी बॉक्स, कुठे लावलेल्या दुचाक्या. त्यापेक्षा तुमची ती कापडी झोळी, अंगाला बांधायची. ती बांधायला तुम्ही अर्धा रविवार दिलात. बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर, पाय बेडकासारखे फाकलेले, हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे, आणि मान खाली केली की टाळूची पापी घेता येईल इतकं बाळ उंच. कपाटातल्या उशीवर आधी सराव करून घेतलात, मग लेक हातात दिलीत. बाळाची एवढीच एक वस्तू घ्यायला कुणाकडे पैसे असतील तर मी हीच घ्या म्हणेन. वॉकरबद्दल तुम्ही एका शब्दात 'नको' लिहिलं होतं. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे हे मी नंतर वाचलं, आणि जो कुणी भेट द्यायचं म्हणाला त्याला आधीच सांगून ठेवलं.

बाटलीचा विषय तुम्ही काढला तेव्हा मला तो कळला नव्हता. दुधाची बाटली आणि डब्यातली पावडर यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती आईच्या दुधाची जागा त्यांनी घेऊ नये म्हणून. तुम्ही म्हणालात, बाटलीशिवायही बापाला दूध पाजता येतं, आणि काकूंचं चांदीचं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, आणून दिलंत. हिने संध्याकाळी काढून ठेवलेलं दूध फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं, दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. रात्री वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचं. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि थांबायचं. ओतायचं नाही. ती जिभेने स्वतः ओढून घेते, मध्ये दम घेते, परत ओढते. तुम्ही मला ते थांबणं शिकवलंत. पहाटेचं पाजणं माझ्याकडे आलं आणि हिला सलग झोप मिळायला लागली. पहिल्या दोन महिन्यांत आमच्या घरात त्याहून मोलाचं काही घडलं नसेल.

त्याच पहाटेमुळे माझा पक्षी बघायचा छंद टिकला. मला वाटलं होतं आता दुर्बीण दोन-चार वर्षं कपाटात जाईल. एप्रिलमध्ये लेकीला खांद्यावर टाकून, ढेकर निघावी म्हणून पाठ थोपटत मी बाल्कनीत फिरत होतो. अजून अंधार होता. समोरच्या सोनमोहरावर दयाळ गायला लागला. उन्हाळ्यात नर दयाळ उजाडायच्या बराच आधी सुरू करतो. एक ओळ गातो, थांबतो, मग तीच ओळ जराशी बदलून गातो. तेवढ्यात फोनवर तुमचा मेसेज आला, "ऐकताय का?" तुमची फर्स्ट शिफ्ट, कंपनीच्या बसला जायची तयारी चाललेली. मी "हो" लिहिलं. त्यानंतर कितीतरी पहाटे आपण दोघांनी असेच दोन-दोन शब्द लिहिले आहेत: तांबट, पिंगळा, मेमध्ये एकदा पावशा. काकूंनी तो वरच्या खिडकीतून ऐकून "पेरते व्हा म्हणतोय बघ" असं सांगितल्याचंही तुम्ही कळवलंत. त्या वेळी मला बोलायला दुसरं कुणीही नव्हतं, दादा. सगळं शहर झोपलेलं असताना वरच्या मजल्यावर आपलं कुणीतरी जागं आहे, याचा केवढा आधार होता!

मान धरल्यावर तिला झोळीत बांधून वेताळ टेकडीवर नेलं तेव्हा तुम्ही बरोबर आलात. पाऊस पडून गेलेला, खाणीत पाणी साठलेलं, मोर ओरडत होते. तुम्ही पुढे चालत निसरड्या जागा दाखवत होतात. दुर्बीण तुमच्या गळ्यात, बाळ माझ्या. फेब्रुवारीत गिरिपुष्प फुललं की त्यावर शिंजीर येतात, ते तिला दाखवायचे असं तेव्हा ठरलंय, ते लक्षात आहे.

पण टेकडीवर जायच्या आधी तुम्ही एक अट घातली होती, आणि या पत्राचं खरं कारण ती आहे. तुम्ही विचारलंत, "तिला तिचा वेळ मिळाला का या आठवड्यात?" ही लग्नाआधीपासून कथक करते. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी हलका व्यायाम सुरू करायला सांगितला होता, तरी घुंगरांची पेटी उघडलेली नव्हती. तुम्ही दिवस ठरवून दिलेत: शनिवारी संध्याकाळी ती क्लासला, बाळ माझ्याकडे, रविवारी सकाळी मी टेकडीवर, आणि तेही शनिवार पार पडला असेल तरच. वहिनींना दोन्ही मुलांच्या वेळी स्वतःसाठी वेळ मिळाला नाही, ही खंत तुम्ही त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोललात. त्या काही म्हणाल्या नाहीत, पण तुमच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. हिच्या पायांत पुन्हा घुंगरू बांधले गेले, त्याचं श्रेय तुमचं आहे आणि ते मी सगळ्यांसमोर देतोय.

काकूंचेही आभार मानायचे आहेत, ते तुमच्यामार्फत पोहोचवा. माझ्या आईने हौसेने मोहरीची उशी शिवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उशी नको. सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. हे आईला सांगायचं कसं? तुम्ही काकूंना खाली पाठवलंत. त्या आल्या, आईबरोबर मेथी निवडायला बसल्या, उशी हातात घेऊन टाके बघितले, सुंदर शिवलीय म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की त्यांच्याकडेही शिवली होती, पहिल्या वाढदिवसानंतर वापरायला काढली. आईने त्याच संध्याकाळी उशी जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. काजळाचंही तसंच. डोळ्यांत घालायचं नाही, दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावायची. आई खूश, डॉक्टर खूश.

आणि दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना तुम्ही शिफ्ट बदलून गाडी काढलीत, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची उलट्या दिशेने बसवून. पहिल्या लशीच्या रात्री तिला ताप चढला. डॉक्टरांनी वजन बघून थेंब लिहून दिले होते, घरात तुमच्याकडून आलेलं सिरपही होतं. तुम्ही चष्मा लावून दोन्ही लेबलं वाचलीत: थेंबांच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सिरपच्या ५ मिलीत १२५. नाव एक, रंग एक, पण थेंबांची बाटली चौपट तीव्र. सिरपवर जाड पेनाने 'बाळाला नाही' लिहून ते तुम्ही वर घेऊन गेलात, आणि मी डॉक्टरांनी सांगितलेले थेंब दिले. पहाटे ताप उतरला. मला वाटतं, शेजार या गोष्टीवर मी आयुष्यभर विश्वास ठेवीन तो त्या रात्रीमुळे.

आता ती सहा महिन्यांची होतेय. वहिनींनी नाचणी भिजवून, वाटून, गाळून सत्त्व करायला शिकवलंय, डबा भरून तयार आहे. उष्टावण करायचं ठरलंय. मामाच्या मांडीवर बसून पहिला घास, हे रीतीप्रमाणे होईल, पण दुसरा घास तुम्ही भरवावा अशी हिची आणि माझी इच्छा आहे. तुम्ही, वहिनी, काकू आणि दोन्ही मुलं, सगळ्यांनी जेवायलाच या. तुमची फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळी ठेवतो, सेकंड असेल तर सकाळी. पुढच्या आठवड्याची शिफ्ट लागली की कळवा, मामाला त्याप्रमाणे साताऱ्याहून निघायला सांगतो.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा बाबा