‘एंटरप्राइझ एडिशन किंवा समतुल्य’: डेटाबेस खरेदीबद्दल खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स. न.

अनेक वर्षं डेटाबेस सांभाळतोय, म्हणून लिहितो. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक सरकारी निविदांत वरची ओळ, म्हणजे डेटाबेस सॉफ्टवेअरची महागडी आवृत्ती मागणारी, जशीच्या तशी असते. का, हे विचारलं तर उत्तर येतं, ‘मागच्या वेळी हेच होतं.’

दोन सॉकेट (चिप बसवायच्या जागा) आणि प्रत्येक चिपमध्ये आठ कोअर (आकडेमोड करणारे भाग), असा साधा सर्व्हर घ्या. ओरॅकल या डेटाबेस कंपनीच्या दरपत्रकात एंटरप्राइझ एडिशन प्रति प्रोसेसर ४७,५०० डॉलर. इथे प्रोसेसर म्हणजे चिप नव्हे. इंटेलचे दोन कोअर मिळून एक. म्हणजे आठ लायसन्स, ३,८०,००० डॉलर. स्टँडर्ड एडिशन २ या स्वस्त आवृत्तीला मात्र सॉकेट मोजतात. १७,५०० चे दोन, झाले ३५,०००. सर्व्हर तोच! शिवाय दरसाल २२ टक्के सपोर्ट, म्हणजे पाच वर्षांत मूळ किमतीहून जास्त.

स्वस्त ते सगळीकडे चालतं असं नाही. स्टँडर्ड एडिशन २ एका वेळी सोळा थ्रेडच्या (समांतर चालणाऱ्या कामांच्या) पुढे जात नाही, पार्टिशनिंगही (मोठी टेबलं तुकड्यांत ठेवायची सोय) नाही. पण एंटरप्राइझ घेतलं तरी पार्टिशनिंगचे प्रति प्रोसेसर ११,५०० वेगळे मोजावे लागतातच.

खरी मेख डायग्नोस्टिक्स पॅकची, म्हणजे सिस्टिम का रखडली ते शोधणाऱ्या साधनांची. तो एंटरप्राइझमध्ये बसवलेलाच येतो, वापरायला किल्ली लागत नाही, पण त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. रात्री सिस्टिम रखडते, ड्युटीवरचा पोरगा या पॅकमधला एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसच्या कामगिरीचा अहवाल) काढतो आणि डेटाबेस त्या वापराची गुपचूप नोंद ठेवतो. लायसन्सच्या ऑडिटला आलेला माणूस तीच नोंद आधी मागतो.

मायक्रोसॉफ्टने आपल्या डेटाबेसच्या, एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या, पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये पार्टिशनिंग आणि कॉलमस्टोअर (डेटा स्तंभांनुसार साठवायची सोय) स्टँडर्डमध्येही आणलं. कित्येकांना एंटरप्राइझ ज्यासाठी लागायचं ते कारणच गेलं. निविदेतली ओळ मात्र राहिली.

तेव्हा निविदेत एडिशनचं नाव नको. डेटा किती, एका वेळी वापरणारे किती, सिस्टिम किती मिनिटं बंद राहिली तर चालेल, एवढं लिहा. एडिशन, पॅक आणि पाच वर्षांचा सपोर्ट यांचे दर वेगवेगळ्या ओळींत मागवा. त्याच तक्त्यात पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेसही बसवा. लायसन्स फुकट असलं तरी सपोर्टचा खर्च धरूनच.

आणि ज्या ओरॅकल सर्व्हरसाठी पॅक घेतलेला नाही, तिथे ‘कंट्रोल मॅनेजमेंट पॅक अ‍ॅक्सेस’ हा पॅक चालू-बंद करणारा पॅरामीटर ‘नन’ (म्हणजे बंद) करायला या आठवड्यातच सांगा. त्याला निविदा लागत नाही.

आपला,
एक डीबीए