रविवारच्या पुस्तकाबद्दल

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता पुस्तकचर्चा म्हापशात, नेहमीच्याच बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर). पुस्तक कॅसांड्रा क्लेअरचे 'सिटी ऑफ बोन्स' (२००७), अद्भुत कादंबरी. दहावीत असताना ज्यांनी ते रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचले, त्यांनीही पुन्हा वाचूनच यावे. जुन्या आठवणीवर बोलू नये. मी स्वतः फसले. तेव्हा नायक जेसवर जीव जडला होता, आता तो आगाऊ वाटतो आणि मुलीपासून, म्हणजे नायिका क्लॅरीपासून, सगळे लपवणाऱ्या जोसलीनची बाजू पटते. वय झाले, दुसरे काय! न्यूयॉर्कच्या क्लबमधला पहिला प्रसंग मात्र अजून पकडतो: क्लॅरीला दिसते ते तिच्या मित्राला, सायमनला, दिसतच नाही. माझ्या प्रतीची शेवटची पाने पावसाच्या ओलीने चिकटलीत, कुणाची धड असल्यास आणावी. चहा-भजी आहेत.