बाबा, विहिरीजवळच्या झाडांची संत्री विकू नका

ती. आई-बाबा,

नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा म्हणाले "विहिरीजवळची झाडं आता म्हातारी झाली, उन्हाळ्यात काढून टाकतो" आणि तेवढ्यात लाईन गेली, मग मी रात्रभर तेच तेच डोक्यात घेऊन झोपले. म्हणून लिहायला बसले. मेसेज पाठवला असता पण आईला मोबाईलवर एवढं लांबलचक वाचलं की डोळ्यातून पाणी येतं, म्हणून काकांकडच्या पोराला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घरी नेऊन दे. आई, चष्मा लाव आणि सावकाश वाच, घाई नाही.

आधी चांगली गोष्ट सांगते. आत्ता माझ्या खोलीत इतका संत्र्याचा वास भरून राहिलाय ना की डोळे मिटले तर वरुडला आपल्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं, बहार तोडून ढीग लावलाय आणि बाबा क्रेट मोजून राहिले, तसं. मी काल पोर्तोकालोपिता केली, इथल्या ग्रीसमधला संत्र्याचा गोड पदार्थ. नाव मोठं आहे पण अर्थ सोपा, पोर्तोकाली म्हणजे मोसंबीसारखी घट्ट सालीची गोड संत्री आणि पिता म्हणजे भट्टीत भाजलेला थरांचा पदार्थ, तिखट असो की गोड. केकसारखी दिसते पण केक नाही. यात मैदा वेगळा घालतच नाहीत, मैद्याच्या जागी फिलो घालतात, म्हणजे कागदाहून पातळ लाटलेल्या कच्च्या पोळ्या, आणि भाजल्यावर वरून पाक. आई, तू हे वाचून लगेच म्हणशील "म्हणजे पाकातले चिरोटेच की", आणि खरंच, पहिला घास खाल्ला तेव्हा मला तुझे दिवाळीचे चिरोटेच आठवले. फिलो या शब्दाचा ग्रीकमध्ये अर्थ पान. आपण पदर म्हणतो, ते पान म्हणतात.

पण ही दुसऱ्यांदा केलेली. पहिल्यांदा केलेली पूर्ण वाया गेली आणि मला फार वाईट वाटलं होतं, चार अंडी, वाटीभर तेल, एवढी साखर, सगळं लापशीसारखं गिच्च झालं, वरून कडक आणि खाली ओला गोळा. मी दोन चुका केल्या. फिलो पाकिटातून काढून तसेच ओले-मऊ फाडून घातले, आणि गरम पितावर गरमच पाक ओतला, कारण माझ्या डोक्यात गुलाबजाम होते, तू नेहमी पाक कोमट-गरम ठेवतेस ना.

मग खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजी, त्यांना सगळे याया म्हणतात, याया म्हणजे आजी, त्या दुसऱ्या दिवशी स्वतःच वर आल्या. माझं ग्रीक अजून मोडकंतोडकं आणि त्यांना इंग्लिश येत नाही, त्यामुळे सगळं हातवाऱ्यांनी. पाकिट उघडून त्यांनी एकेक पान उचललं आणि बोटांनी चुण्या घालत घालत गोळा केलं, अगदी तू नऊवारीच्या निऱ्या घालतेस तसं, अंगठा आणि दोन बोटं, नजर भलतीकडेच पण हात बरोबर चालू. मग त्या चुण्या पसरून ट्रेमध्ये ठेवल्या आणि म्हणाल्या आता थांब. तीन-चार तास. उन्हाळ्यात तासाभरात वाळतं, हिवाळ्यात वेळ लागतो, घाई असेल तर मंद ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं. पान इतकं वाळलं पाहिजे की हातात घेतलं तर पापडासारखं कडकड मोडावं. का ते मला नंतर कळलं. ओलं पान अंडं-दही लागलं की पुन्हा कणीक होऊन बसतं, वाळलेलं पान मात्र सगळं शोषून घेतं तरी आपली घडी सोडत नाही, म्हणून भाजल्यावर आत पोकळ्या राहतात आणि मग पाकाला जायला जागा मिळते. पूर्वी बाकीच्या पितांसाठी फिलो लाटले की काठाचे तुकडे उरायचे, मोडलेली पानं उरायची, ती टाकायची कशी म्हणून हे निघालं असं याया सांगतात. आई, तुझी शिळ्या पोळीची फोडणीची पोळी आठवली मला, अन्न टाकायचं नाही म्हटलं की बाईचं डोकं सगळ्या देशात सारखंच चालतं.

आता प्रमाण लिहून ठेव. साडेचारशे ग्रॅमचं फिलोचं एक पाकिट. चार अंडी, एक वाटी साखर, एक वाटी तेल (सूर्यफुलाचं चालतं, इथे काहीजण ऑलिव्हचंच घालतात पण मला त्याचा वास पुढे आलेला आवडला नाही), आणि दोनशे ग्रॅम घट्ट दही. ग्रीक योगर्ट म्हणून जे तिकडे मॉलमध्ये महाग विकतात ना ते म्हणजे दही बांधून पाणी काढलेलं, बस्. आपला चक्का होतो त्याच्या जरा आधीचं. तू श्रीखंडाला बांधतेस त्याच फडक्यात तीन तास टांगलंस की झालं. अंडी आणि साखर चांगली फेटायची, मग तेल, दही, वीस ग्रॅम बेकिंग पावडर, दोन-तीन संत्र्यांच्या सालीचा कीस आणि थोडा रस. ओलं लागलं की बेकिंग पावडर फसफसते, तेव्हा हातात वाळलेली पानं चुरत चुरत त्यात सोडायची, थोडी थोडी, एकदम टाकली तर गोळा होतो. तेल लावलेल्या ट्रेत ओतून १७०-१८० डिग्रीवर ४५ ते ५० मिनिटं, वरून चांगली बदामी होईपर्यंत.

पाक मात्र भट्टी लावायच्या आधीच करून ठेवायचा. दोन वाट्या साखर, दोन वाट्या पाणी, दालचिनीचा एक तुकडा, संत्र्याची साल किंवा रस, उकळी आल्यावर पाचेक मिनिटं. एकतारीसुद्धा नको गं, तारेच्या आधीच उतरव, चिकट झाला की आत जात नाही. आणि पूर्ण गार होऊ दे. यायांनी हे मला तीनतीनदा बजावलं, एक गरम तर दुसरं गार, दोन्ही गरम कधी नाही. पिता भट्टीतून निघाली की लगेच सुरीने भोकं पाडायची आणि पळीपळीने गार पाक सोडायचा. तो आवाज तुम्हाला ऐकवायचा होता, चर्रर्र होऊन मग हळूहळू शांत होतो, पाक वर तळ्यासारखा साचतो, वाटतं बुडाली आता, आणि पाच मिनिटांनी बघावं तर सगळा आत. मग निदान चार तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तर अजून छान लागते.

आता बाबा, हे तुमच्यासाठी.

इथे क्रीट बेटावर, हानिया शहराच्या दक्षिणेला केरितीस नदीचं खोरं आहे, अलिकियानोस, फुर्नेस, स्किनेस अशी गावं, सगळी संत्र्याची. मी शिकते त्या संस्थेतून आम्हाला तिकडे नेतात. जानेवारीत गेलो होतो तेव्हा समोर लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर, त्यांच्यावर खरंच बर्फ, आणि खाली फळांनी वाकलेली झाडं. इथली बहुतेक नेव्हल जातीची, बी नसतं, साल जाड आणि चिकटलेली. जुन्या बागांमध्ये खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, कशाचा असतो माहितीये? कडू नारिंगाचा. आपण जंबेरी लिंबावर संत्र्याचा डोळा (कळी) बांधतो तसा हे नारिंगावर बांधायचे. तेच कडू नारिंगाचं झाड अथेन्सच्या रस्त्यांवर सावलीसाठी लावलेलं असतं, फळं खाली पडून राहतात, कोणी तोंडात घालत नाही, फक्त त्याच्या सालीचा मुरंबा करतात. आणि त्या फळाला हे म्हणतात नेरांजी! आपला नारंग शब्द इराणातून, अरबस्तानातून फिरत फिरत इथपर्यंत आलाय. कडू फळ आधी आलं म्हणून त्याला आपला शब्द मिळाला, आणि गोड संत्री नंतर पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे पसरली म्हणून तिला पोर्तुगालवरून पोर्तोकाली. हे कळलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की त्या रस्त्यावरच्या झाडाला हात लावून आले मी. घरापासून एवढ्या लांब आपल्या ओळखीचं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.

पण मुद्दा वेगळाच आहे. या सगळ्या पदार्थाचा जीव सालीत आहे बाबा. रस नाही, साल. आपण आयुष्यभर साल सोलून उकिरड्यावर टाकली, व्यापाऱ्याने फळ पाहिलं, वजन पाहिलं, भाव पाडला, सालीला कधी कोणी विचारलं नाही. म्हणून मी काल नेव्हल घेतलीच नाहीत. शनिवारच्या बाजारात सैल सालीची मँडरिन मिळतात, आपलं नागपुरी संत्रं त्याच घराण्यातलं, ती घेतली, मला बघायचं होतं की आपल्या फळाची पिता होईल का. साल मऊ असल्याने किसणीवर फाटते, म्हणून फळं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून कडक केली आणि न सोलता हलक्या हाताने किसली, फक्त केशरी भाग, आतला पांढरा आला की कडू. आंबटपणा कमी पडतो म्हणून पाकात अर्ध्या लिंबाचा रस पिळला. आणि बाबा, नेव्हलच्यापेक्षा सुंदर झाली. यायांनी एक फोड खाऊन दुसरी मागून घेतली आणि विचारलं संत्री कुठली, मी म्हटलं बाजारातली, पण आमच्या घरी याच्याहून चांगली आहेत.

मला ते खरं करून दाखवायचंय. मार्चच्या मध्यात मी येतेय, मृग बहाराची फळं तेव्हा अजून झाडावर असतील. व्यापाऱ्याला बाकीचा सगळा बगीचा द्या पण विहिरीजवळच्या तीन झाडांना हात लावू देऊ नका. ती फळं लहान असतात, सालीवर डाग असतात, त्याला तसंही नको असतात. मला हवीत. आजोबांनी लावलेल्या झाडांपैकी तेवढीच उरलीत, त्यांच्या सालीचा वास मी या तीन वर्षांत दुसऱ्या कुठल्याच फळाला घेतला नाही.

आणि झाडं काढायचं म्हणता, तर मी शिकतेय तेच याचं, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. इथे हानियाजवळ वुवेस गावात एक ऑलिव्हचं झाड आहे, कमीत कमी दोन हजार वर्षांचं धरतात, अजून फळ देतं. संत्र्याचं तसं नसतं, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, डिंक्या रोग (खोडातून डिंक गळतो तो) लागलेलं म्हातारं झाड बाकीच्यांना त्रास देतं. पण काढायच्या आधी त्यांचे डोळे घेऊ. मी आले की आपण दोघं नागपूरला लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत जाऊ, झाडांत काही रोग आहे का तपासून घेऊ, आणि निरोगी निघालं तर नव्या खुंटावर त्याच झाडाची कलमं करू. डोळा तुम्हीच भरायचा, तुमच्या हाताइतका माझा बसत नाही. तोवर कुऱ्हाड लावू नका बाबा, एवढं ऐका माझं.

आई, तुला अंडं चालत नाही ते माझ्या लक्षात आहे. इथे ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, मांस नाही, अंडं नाही, दूधदहीसुद्धा नाही, आणि त्या दिवसांत बायका अंडं-दही न घालता संत्र्याच्या रसावर आणि तेलावरच पिता करतात. ती रीत यायांकडून लिहून घेतलीये. फिलो आपल्याकडे मिळणार नाही, अमरावतीला विचारून बघते, नाहीतर मला वाटतं मडक्यावरची लांब रोटी वाळवून चुरली तर जमेल, ती तर कागदाहून पातळ. करून बघू दोघी मिळून. गुडघे दुखत असतील तर तू नुसती खुर्चीवर बसून सांग, पाक किती झाला ते तुझ्याइतकं कोणाला कळणार.

बाबा, तुमची शुगर मला माहीत आहे. तुम्हाला कोपऱ्यातली छोटी फोड, जिथे पाक कमी पोचतो तिथली, जेवणानंतर, गोळी घेऊन. मागच्या महिन्याचा रिपोर्ट अजून पाठवला नाही तुम्ही, तो आज पाठवा.

माळ्यावरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) काढून पुसून ठेवायला सांगा कोणाला तरी, स्वतः शिडीवर चढू नका.

तुमची,
मनू