शुभे, न्यूजलेटर्सचं विचारलंस ना, ऐक

सातारा, रविवार दुपार

प्रिय शुभे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. शाळेची नोकरी सोडलीस, आता लिहूनच घर चालवायचं म्हणतेस, मला खरंच खूप बरं वाटलं, आणि कुणीतरी तुला सांगितलंय की लेखनाची कामं कळवणारी दहा-पंधरा ईमेल न्यूजलेटर्स सबस्क्राइब कर म्हणजे कामं आपोआप इनबॉक्समध्ये येतात, ते काही मला पटलं नाही. म्हणून फोनवर बोलत बसण्यापेक्षा लिहूनच काढते सगळं, तुला परत परत बघता येईल.

दहा-पंधरा घेऊच नकोस. तीन बास झाली.

सुरुवात फ्रीडम विथ रायटिंगपासून कर. फुकट आहे, ईमेल टाकला की झालं. पैसे देणारी मासिकं, वेबसाइट्स यांच्या याद्या येतात आणि कोण किती देतं ते बऱ्याच वेळा तिथंच लिहिलेलं असतं, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांचंच आणखी एक आहे ऑथर्स पब्लिश, ते कथा-कवितावाल्यांसाठी. तुला कथा लिहायच्यात हे माहितीये मला, लिही की, पण घरखर्च त्याच्यावर धरू नकोस, साहित्याची बरीच मासिकं मानधन देतच नाहीत किंवा नावापुरतं देतात.

दुसरं फंड्स फॉर रायटर्स. सी. होप क्लार्क म्हणून अमेरिकेतल्या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाई आहेत, वीस वर्षांच्या वर झालं चालवतायत, दर शुक्रवारी येतं. स्पर्धा, ग्रँट्स म्हणजे लेखकांसाठीची अनुदानं, मासिकं, प्रकाशक सगळं असतं. स्पर्धांना एन्ट्री फी असेल तर आत्ता सोडून दे. तिसरं सबस्टॅक या न्यूजलेटर्सच्या वेबसाइटवरचं केटलिन आरफोर्ड यांचं फ्रीलान्स अपॉर्च्युनिटीज, त्यात संपादकांनी मागवलेले पिच, म्हणजे लेखाचे छोटे प्रस्ताव, आणि कंपन्यांची कामं दोन्ही मिळतात. पैसे भरून घ्यायची न्यूजलेटर्सपण आहेत, पण तुझी पहिली एक-दोन बिलं हातात पडेपर्यंत त्यांच्या नादाला लागू नकोस.

आणि हो, मृदु खुल्लर रेल्फ यांचं फ्रीलान्सिंगवरचं लिखाण जमेल तेव्हा शोधून वाच. त्या मूळ दिल्लीच्या पत्रकार, इथं राहून टाइम, न्यूयॉर्क टाइम्स अशा ठिकाणी लिहिलंय त्यांनी, त्यामुळं त्यांचं सांगणं आपल्याला जवळचं वाटतं.

आता जीमेलमध्ये एक काम आजच कर. ही सगळी मेल प्रमोशन्समध्ये जाऊन पडतात, साड्यांच्या सेलखाली, आणि शेवटची तारीख उलटून गेल्यावर दिसतात. फिल्टर लाव, ‘काम’ नावाचं लेबल कर, तिथंच सगळी जाऊ देत. मग सकाळी चहा झाला की अर्धा तास तेवढंच वाचायचं, दिवसभर सारखं उघडून बघायचं नाही.

वाचतानापण शुभे, नोकरीच्या जाहिराती वाचतो तसं वाचू नकोस. आधी बघ ‘फक्त अमेरिकेत राहणारे’ असं लिहिलंय का, रिमोट म्हटलं तरी पुढं देश लिहिलेला असतो, असेल तर लगेच पुढं जा. मग दर बघ. शब्दाला दहा सेंट म्हणजे हजार शब्दांचे शंभर डॉलर, आपले आठ हजारांच्या वर. पैसे लेख स्वीकारल्यावर देणार का छापून आल्यावर तेही बघ, छापून यायला महिनोन् महिने जातात कधी कधी. आणि नंतर सगळ्यात निवांत वाचायचं ते संपादक काय मागतोय ते, कारण ते मेल तुझ्यासारख्या हजारो जणांना गेलेलं असतं, पहिला कोण पोचला याला फार अर्थ नाही, त्याला जे हवंय ते ह्या हजारांत कुणाकडं आहे याला अर्थ आहे.

आणि तुझ्याकडं आहे गं! मी मनापासून सांगतेय. समज एखादं खाण्यापिण्याचं मासिक मागतंय की मसाल्यांवर, साठवणीवर, जुन्या पद्धतींवर लेख पाठवा. बाकीचे सगळे हळदीचं दूध आणि हळदीचे फायदे लिहून पाठवणार. तुझं आजोळ हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, तिथली हळदीची पेवं तू लहानपणापासून बघितलीस. जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान आणि आत पोट मोठं, हळद भरून वरनं मातीनं बंद करायची, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात किती पेवं गेली, आता माल कोल्ड स्टोरेजला का जातो, मार्केट यार्डात सौदे कसे निघतात, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं त्यानं शेतकऱ्याला नक्की काय फरक पडला, हे तू मामांना आणि एखाद्या अडत्याला विचारून दोन दिवसांत गोळा करशील, न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला कसं जमणार ते? पिच आठ-दहा ओळींचाच लिही. पहिल्या दोन ओळींत पेव डोळ्यासमोर आलं पाहिजे, मग आत्ताच का, मग कुणाशी बोलणार, शेवटी तू कोण आणि सांगलीत राहतेस हे ठसठशीत. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला पाठव, तिकडं तेव्हा सकाळ होते.

फसवणुकीचं बोलते, घाबरवायला नाही. काम द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन फी मागितली की तिथंच थांब. घरबसल्या टायपिंग, फॉर्म भरणं अशी कामं देऊन करारावर सही घेतात आणि मग चुका काढून वकिलाच्या नोटिशीची धमकी देऊन पैसे उकळतात, आपल्याकडं कितीतरी जणांना हा ताप झालाय. ‘सँपल म्हणून हा विषय लिहून द्या’ हेपण फुकट करू नकोस, आधी लिहिलेलं दाखव. न्यूजलेटरमध्ये आलंय म्हणजे सगळं तपासलेलंच असेल असं धरू नकोस, त्या मासिकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन लेखकांसाठीचे नियम वाच, मगच मेल कर.

पैशाचं थोडक्यात. बाहेरचे पेपॅल नाहीतर पेओनियरनं देतात, दोन्हीकडं काही कापलं जातं ते हिशोबात धर, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव एकच ठेव. इथला क्लायंट १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापेल तर घाबरू नकोस, रिटर्न भरताना त्याचा हिशोब होतो, फक्त आयकराच्या वेबसाइटवर तुझ्या नावावर दिसतोय का बघ. अमेरिकेतले डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरायला सांगतील, आपण अमेरिकन नाही हे त्यात मुख्यतः सांगायचं असतं.

मराठीचं वेगळं आहे, दिवाळी अंकाचं आमंत्रण अजून ओळखीतनंच जास्त येतं, त्यासाठी मी माझ्याकडचे दोन-तीन नंबर त्यांना विचारून तुला देते.

हळदीचा पिच मात्र खरंच लिही. कच्चा असला तरी मला पाठव, मी वाचून खुणा करून देते. मामा-मामींना नमस्कार सांग, आणि येताना भडंग आण, पेढे मी घेऊन ठेवते.

तुझीच,
वैशू

ता. क. सबस्क्राइब करताना नवीन ईमेल काढ, शाळेच्या नावाचा जुना वापरू नकोस, संपादकाला उत्तर त्याच नव्यावरनं जाऊ दे.