हडळीचं बाळंतपण कुठे गेलं?

संपादक महोदय,

मी मुंबईत प्रसूतिकक्षात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. भयपट पाहायला मला आवडतात, म्हणूनच हे पत्र.

आपल्या जुन्या समजुतींत पुरुषांच्या भुतांना कामं नेमून दिलेली आहेत. समंध पुरलेल्या धनावर बसतो, देवचार गावाची वेस राखतो, वेताळाची तर स्वारी निघते. बाईचं भूत मात्र बाळंतपणातून येतं. पोटुशी असताना किंवा बाळंत होताना गेली ती हडळ. तीच कुठे अळवंतीण. रक्तस्राव थांबला नाही, ताप उतरला नाही, झटके आले, अशा कारणांनी बायका जात, आणि ती परत येऊ नये म्हणून तिच्या तिरडीमागे मोहरी टाकली जाई. जिला वाचवता आलं नाही तिचीच भीती!

सिनेमाने या बाईचे मोकळे केस आणि उलटे पाय घेतले, बाळंतपण सोडून दिलं. हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या काळात तर आधी आंघोळीचं दृश्य, मग किंकाळी, असा शिरस्ताच पडला होता. तो काळ सरला. झपाटलेल्या बाईचं दृश्य मात्र सरलं नाही, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक आठवड्यांत हजारात एखाद-दुसरीला तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, ती तुटक-असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात, बाळ आपलं नाहीच असं तिला वाटू लागतं. लगेच उपचार मिळाले तर यातून बायका पूर्ण बऱ्या होतात. उशीर झाला तर तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. अशा वेळी घरची माणसं दबक्या आवाजात ‘बाहेरचं आहे’ म्हणतात, ते मी खाटेपाशी उभी राहून ऐकलं आहे. त्यांना अडाणी म्हणायला मी धजणार नाही. अशी नजर आणि असा आवाज त्यांनी पडद्यावर पाहिलेला असतो, आणि तिथे डॉक्टर नेहमी हरतो.

2003 सालच्या ‘भूत’ या हिंदी चित्रपटातही मानसोपचारतज्ज्ञ हतबल होतो आणि मांत्रिक बाई खरी ठरते. ऊर्मिला मातोंडकर यांचं काम त्यात थरारून टाकणारं आहे, मेलेल्या बाईच्या खुन्यापर्यंत कथा पोचते हेही मान्य. पण घाबरलेल्या नवऱ्याच्या मनात उरते ती मांत्रिक बाईच.

भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पडद्यावर हेच प्रकार उपाय म्हणून दाखवले जातात आणि पार्श्वसंगीत मांत्रिकाच्या बाजूने वाजत असतं.

वेगळं करता येतं. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017) आठवा. उसाच्या रानातलं एकाकी घर, पूजा सावंत यांनी साकारलेली गरोदर नायिका, आणि भीती कशाची, तर मुली नकोशा असणाऱ्या घराची. मीही त्यात दचकले, पण ‘त्या’ बाईला नव्हे.

आपल्या परीक्षणकारांना विनंती आहे. किती वेळा दचकायला झालं ते जरूर लिहा, पण ती बाई भूत होण्याआधी तिचं काय झालं आणि चित्रपट दोष कुणाला देतो, हेही लिहा. आणि सिगारेट पेटली की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकते, तशीच बाईला बांधून मारण्याच्या दृश्याखाली 2013च्या कायद्याची ओळ आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दाखवण्याची सक्ती सेन्सॉर मंडळाने करावी. या मागणीचा पाठपुरावा आपल्या वृत्तपत्राने करावा.

– एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई