पळाले की सुटले? इंग्रजीच्या सरांना पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे उघडं पत्र. तुमच्या हाताखालची लेकरं आता धारूर-केजपासून पुण्यापर्यंत पांगली आहेत. त्यांनाही हे वाचता यावं असं वाटलं.

सध्या मी छत्रपती संभाजीनगरला ऊसतोड कामगारांच्या मुलाखती इंग्रजीत उतरवायचं काम करते. माणसं आपल्या बीडच्या बोलीत बोलतात, कागद इंग्रजीत पुढे जातो, आणि तो वाचणाऱ्याने उसाचा फड बहुतेक वेळा पाहिलेलाही नसतो. मागच्या हंगामातल्या एका जोडप्याचं सांगते. कर्नाटकातल्या फडावर लेकरू तापाने फणफणलेलं, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेला आगाऊ पैसा, फिटली नाही म्हणून टोळी नेणारा मुकादम हलू देत नव्हता. बाईचं वाक्य असं होतं: "मग आम्ही रातच्याला पळून आलो."

माझ्या हातात आलेल्या कच्च्या तर्जुम्यात लिहिलं होतं, 'दे रॅन ऑफ विथ द ॲडव्हान्स'. व्याकरणाला काही धक्का नाही. पण 'रन ऑफ विथ' म्हणजे दुसऱ्याची वस्तू घेऊन पसार होणं. 'मेक ऑफ विथ' त्याच जातीचं. उचलीचा पैसा तर दिवाळीच्या आधीच दवाखान्यात आणि किराण्याच्या उधारीत गेलेला. घेऊन पळायला त्यांच्या हातात होतं काय? त्या एका ओळीने ती बाई चोर ठरत होती. मी ओळ खोडून लिहिलं, 'दे गॉट अवे ॲट नाइट'. 'गेट अवे' म्हटलं की आधी कुणीतरी धरून ठेवलं होतं हे आपोआप आलंच. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "एवढ्याशा फरकाने काय होतं?" तेव्हा तुम्ही फळ्यावर एकाखाली एक लिहिलेली दोन वाक्यं मी त्याला जशीच्या तशी लिहून दाखवली. 'गेट अवे फ्रॉम' म्हणजे तावडीतून सुटणं. 'गेट अवे विथ' म्हणजे गुन्हा करून शिक्षेतून सुटणं. दोन्हीकडे सुटका आहे, पण पहिल्यात सुटणारा पीडित आहे आणि दुसऱ्यात गुन्हेगार. ते जोडपं पहिल्यातलं होतं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीपायी माणूस अडकवून ठेवला जातोच, आणि अशा माणसाची बाजू कागदावर मांडताना 'फ्रॉम' की 'विथ' यावर फार काही ठरतं.

हे मला तुमच्यामुळे दिसतं, सर.

आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं राहतात त्या हंगामी वसतिगृहात संध्याकाळी तुम्ही शिकवायचात तेव्हा आमच्या हातात गाईडं होती आणि गाईडात शंभर-शंभर फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे मागे 'आउट', 'ऑफ' असा छोटा शब्द लागून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांच्या, याद्या. तुम्ही त्या याद्या बाजूला ठेवायला लावल्या. "क्रियापद नंतर बघा, आधी मागचं शेपूट बघा," म्हणालात. 'आउट' असेल तर कशाच्या तरी आतून बाहेर: घर, तुरुंग, शाळा, नाहीतर गळ्यात पडलेलं काम. 'ऑफ' असेल तर चिकटलेलं काहीतरी सुटतंय. 'अवे' असेल तर अंतर पडतंय. मग एकच 'ब्रेक' घेऊन तुम्ही सगळीकडे फिरवलंत. तुरुंग फोडून निघाला तर ब्रेक आउट. सोयरीक मोडली, बोलणी फिसकटली तर ब्रेक ऑफ. पक्षातून एक गट फुटला तर ब्रेक अवे. 'ब्रेक फ्री'मधला 'फ्री' तर साधं विशेषण, पण क्रियापदाला असा चिकटला की पुढे 'फ्रॉम' किंवा एका एफचा 'ऑफ' घेऊन त्याच पंगतीत बसतो. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झाल्यावर तुम्ही त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांबद्दल सांगितलंत आणि लगेच दोन वाक्यं दिलीत: निजामाला भारताच्या 'स्टे आउट ऑफ' राहायचं होतं, लोकांना निजामापासून 'ब्रेक फ्री' व्हायचं होतं. १९४८ ची ती तारीख आणि ते दोन प्रयोग माझ्या डोक्यात आजही जोडीनेच येतात.

'ऑफ'साठी तुम्ही 'वर्क ऑफ' घेतलंत. अंगावरचं कर्ज मजुरी करून उतरवणं. वर्गात कुणी काही बोललं नाही, कारण आमचे सगळ्यांचे आईबाप त्या वेळी नेमकं तेच करत होते.

टाळण्याचे प्रयोग तुम्ही झपाट्याने उरकलेत, आणि ते बरंच केलंत, कारण तो माल आमच्याकडे आधीपासून होता. अंग काढून घेणं, हात वर करणं, काढता पाय घेणं. शब्द देऊन मागे फिरला तर बॅक आउट, अंगावरचं काम चुकवलं तर गेट आउट ऑफ, आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावायचं. बस. एसटीतून उतरलं की गेट ऑफ आणि जीपमधून उतरलं की गेट आउट ऑफ, हे तर वडवणीच्या स्टँडवरच पाठ झालं.

पण मला खरं मांडायचंय ते फॉर्मबद्दल. शिष्यवृत्तीच्या अर्जात शिक्षणात खंड का पडला असं विचारलं होतं आणि मी लिहिलं होतं, 'आय ड्रॉप्ड आउट इन द एट्थ'. सगळेच तसं लिहायचे. तुम्ही चष्मा काढलात आणि विचारलंत, "शाळा तू सोडलीस का तुला काढलं?" मी म्हणाले, धाकट्याला सांभाळायला फडावर कुणी नव्हतं, म्हणून मायनं नेलं. तुम्ही सांगितलंत, 'ड्रॉप आउट'मध्ये सोडणारी तूच असतेस. मग कागदाच्या कडेला लिहिलंत, 'दे टूक मी आउट ऑफ स्कूल', आणि 'मी'खाली रेघ मारलीत. म्हणालात, हे सर्वनाम असंच मध्ये बसतं, 'टूक आउट मी' कधीच होत नाही. ती रेघ मला अजून दिसते. टूक आणि आउट यांच्या मधोमध मी होते.

एवढ्यावर थांबला असतात तर मी मायला दोषी धरून अर्ज पाठवला असता. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि 'टूक' खोडून 'हॅड टू टेक' केलंत. काढावं लागलं. माझ्यावरचा आळ गेला आणि मायवर आला नाही. आज कुठलीही मुलाखत उतरवताना मी प्रत्येक 'सोडलं', 'निघालो', 'पळालो' यापाशी थांबून हेच बघते: यात कुणी केलं, कुणाला करावं लागलं, आणि दोष कुणाच्या पदरात पडतोय.

आम्ही कंटाळलो की तुम्ही सॅम्युअल जॉन्सनचा दाखला द्यायचात. १७५५ मध्ये शब्दकोश काढताना त्यानेच प्रस्तावनेत लिहून ठेवलं की परक्यांना सगळ्यात अवघड जातात ती हीच क्रियापदं. त्याच्या उदाहरणांत ब्रेक ऑफ आहे, प्रवासाला निघण्याचं सेट आउट आहे, आणि युक्तीने निसटणं या अर्थाचं 'कम ऑफ'सुद्धा. हा शेवटचा अर्थ आता कुणी वापरत नाही. अवघड आहे हे खुद्द इंग्रजाने कबूल केलंय म्हटल्यावर आम्हाला केवढा धीर यायचा!

आणखी एक. बोलताना जोर कुठे द्यायचा हे तुम्ही टेबलावर बोटं वाजवून शिकवलंत. शाळा सोडणं क्रियापद म्हणून बोललं तर जोर 'आउट'वर, आणि शाळा सोडलेल्या पोराला 'ड्रॉपआउट' म्हटलं तर जोर 'ड्रॉप'वर. परिषदांमध्ये मोठमोठी माणसं आमच्या लेकरांना तो दुसरा शब्द सहज लावतात. मी त्यांना दर वेळी तुमचा प्रश्न विचारते: सोडली का काढली?

दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतील आणि वसतिगृह भरेल. तुमचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत असं कळलं. रविवारचा वर्ग यंदा मी घ्यावा असं मनात आहे, तुमची परवानगी असेल तर. पुढच्या आठवड्यात गावी येतेय, तेव्हा तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही झेरॉक्सला नेईन. 'गेट'ची पानं सुटी झालीत म्हणाला होतात, तेवढी नंबर घालून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी