गाडीच्या करारावर दोघांचीही नावं असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात स्वतः गाडी चालवत फिरण्याविषयी अधूनमधून लेख येतात. मी ते कात्रणं काढून ठेवते. पण त्या लेखांमध्ये गाडी नेहमी नवराच चालवतो, आणि बायको नकाशा धरते नाहीतर फोटो काढते. त्याविषयी मला काही सांगायचं आहे. माझे यजमान सहासष्ट वर्षांचे, मी बासष्टची. यंदा मार्च महिन्यात आम्ही दोघांनीच न्यूझीलंड पाहिलं. ऑकलंडपर्यंत विमानानं गेलो, तिथून भाड्याची गाडी घेऊन दोन्ही बेटं पालथी घातली आणि दोन सामुद्रधुन्या बोटीनं ओलांडल्या.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘दोन मोठ्या जलभागांना जोडणारा अरुंद जलपट्टा म्हणजे सामुद्रधुनी’ हे वाक्य किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल, त्याची गणती नाही. स्वतः मात्र एकही सामुद्रधुनी ओलांडलेली नव्हती. त्यामुळे वेलिंग्टनहून पलीकडे विमानानंच जा, अर्ध्या तासाचं काम आहे, असं सगळे सांगत असताना मी बोटीचा हट्ट धरला.

ऑकलंड ते वेलिंग्टन साडेसहाशे किलोमीटर आहे. ते अंतर आम्ही तीन दिवसांत, रमतगमत कापलं. सगळा रस्ता ह्यांनीच चालवला. तिथेही वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूनेच असल्यामुळे काही जड गेलं नाही. टाउपो सरोवर मागे पडलं की रस्ता एका उजाड पठारावरून जातो. उजव्या हाताला रुआपेहू हा २,७९७ मीटर उंचीचा ज्वालामुखी दिसतो. त्या दिवशी तो ढगांतून फक्त खांद्यापर्यंत बाहेर आला होता.

गाडी भाड्याने घेताना ऑकलंडच्या काउंटरवर एकच प्रश्न झाला, ‘ड्रायव्हर कोण?’ ह्यांनी हात वर केला. सहलीची आखणी करून देणाऱ्या आमच्या एजंटने तर घरूनच माझं नाव ‘सहप्रवासी’ या रकान्यात भरून पाठवलं होतं. माझ्याकडे १९९८ पासून लायसन्स आहे. आंतरराष्ट्रीय परवानाही मी काढून नेला होता, कारण ह्यांचा काढायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, आलीच आहेस तर तुझाही काढ.’ तो परवाना पासपोर्टच्या पिशवीत तसाच पडून होता. करारावर नाव घालायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही, आणि समोरच्या माणसानेही विचारलं नाही.

वेलिंग्टनला गाड्यांच्या रांगा लावतात आणि चमकदार जाकिटातली माणसं हाताच्या खुणांनी एकेक गाडी बोटीच्या पोटात घेतात. आत डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा एकत्र वास येत होता. पुढच्या गाडीला आमची गाडी टेकते की काय, इतकी ती जवळ लावून घेतली. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि वर जा. प्रवासभर खाली गाडीत बसू देत नाहीत.

पिक्टन हे बंदर दक्षिण बेटावर असलं तरी बोट दक्षिणेला जात नाही, जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. वेलिंग्टन ४१ अंश दक्षिणेला आणि पिक्टनही तिथेच. आपल्या पुस्तकांतले ‘गरजणारे चाळीस’, म्हणजे चाळीस अंश दक्षिणेच्या पुढे वाहणारे जोराचे पश्चिमी वारे, ते इथलेच. दोन बेटांच्या डोंगरांमधली ही एवढीच फट मोकळी असल्यामुळे पश्चिमेचा वारा तिथे चिमटीत सापडल्यासारखा घुसतो. या कुक सामुद्रधुनीची सर्वांत अरुंद जागा बावीस-तेवीस किलोमीटरची आहे, पण बोटीचा मार्ग नव्वद किलोमीटरच्या वर जातो आणि साडेतीन तास लागतात. बंदराच्या तोंडाशी काळ्या खडकांची एक रांग पाण्याबाहेर डोकावते, तो बॅरेट रीफ. १० एप्रिल १९६८ रोजी वादळात ‘वाहिने’ नावाची प्रवासी फेरी याच खडकांवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली, तीही शहर डोळ्यांसमोर दिसत असताना. मी कठड्याला धरून उभी होते. आमची बोट त्या खडकांना बाजूला टाकून बाहेर पडली आणि पायाखालची जमीन सरकावी तशी डेक हलायला लागली.

ह्यांना बोट लागते, हे आम्हाला माहीत नव्हतं. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला. औषधांच्या पिशवीतून उलटीची गोळी मीच काढून दिली. दीडेक तासात बोट मार्लबरो साउंड्स नावाच्या खाड्यांच्या आत शिरली, पाणी तळ्यासारखं निवांत झालं, दोन्ही बाजूंनी झाडीने भरलेले डोंगर आले. हे खिडकीशी डोकं टेकून झोपले होते. मला बरं वाटलं, म्हटलं उतार पडला.

उतार पडला होता तो गोळीने. बोट लागू नये म्हणून घेतात त्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते. गोळी घेतल्यावर वाहन चालवू नका, असं पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. ते मी वाचलं रात्री. खाली गाडीपाशी आलो तेव्हा ह्यांना सीटबेल्टचा पट्टा खाचेत बसवायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मागच्या गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती, रांग हलायला लागली होती. बोटीतून बाहेर पडून गाडीतळापर्यंतचं अंतर काही शे मीटर असेल. ते ह्यांनी तशा अवस्थेत, चालीच्या वेगाने कापलं. खरं तर मी तिथेच बोटीवरच्या माणसाला सांगायला हवं होतं, तो काहीतरी सोय करतो. घाईत सुचलं नाही, आणि ते काही शे मीटर आठवले की अजून माझे हात गार पडतात.

मुक्काम कायकोऱ्याला ठरलेला, अजून दीडशेहून जास्त किलोमीटर. संध्याकाळ होत आली होती. हे म्हणाले, ‘तू चालव ना, कोण बघतंय?’ मोह मलाही झाला. पण कराराचा कागद उघडून पाहिला. ज्याचं नाव करारात नाही त्याने गाडी चालवली, तर विम्याचं संरक्षण मिळणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पोलिसांची भीती नव्हती, भीती होती ती वळणावर समोरून येणाऱ्या माणसाची. माझ्या हातून त्याला इजा झाली असती, तर कोणत्या तोंडाने मी त्याला विम्याची गोष्ट सांगितली असती? मी किल्ली पर्समध्ये टाकली. पिक्टनलाच खोली शोधली. कायकोऱ्याच्या खोलीचे भरलेले पैसे बुडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरच्या भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने माझं लायसन्स दोन्ही बाजूंनी पाहिलं. ते इंग्रजीत असल्याने भाषांतराचा प्रश्न नव्हता. एक सही घेतली, दिवसाला थोडे जास्त पैसे लावले. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. ऑकलंडला ही दहा मिनिटं दिली असती, तर आदल्या संध्याकाळी मी ह्यांना शेजारी झोपवून अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचले असते.

पिक्टनपासून पुढे आम्ही आलटून पालटून गाडी चालवली, आणि खरा प्रवास तिथून सुरू झाला असं मी म्हणेन. कायकोऱ्याच्या अलीकडे रस्ता आणि रेल्वे समुद्राला अगदी चिकटून जातात. १४ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीनंतर इथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर रस्त्यावर आले, किनाऱ्याचा तळ उचलला गेला. रस्ता पुन्हा उघडायला पुढच्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. वर आलेले ते खडक अजून नव्याने उघडे पडल्यासारखे दिसतात आणि त्यांवर सील पहुडलेले असतात. भूकंपाने जमीन उचलली जाते हे मी फळ्यावर किती तरी वेळा काढून दाखवलं होतं. ते स्वतः गाडी चालवत, खिडकीची काच खाली करून पाहताना गळा दाटून आला.

पश्चिम किनाऱ्यावरचा हास्टचा पूल मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. हा पूल सातशे मीटरहून लांब आणि रुंदीला एकाच गाडीपुरता आहे. मध्ये थांबून समोरच्याला वाट देण्यासाठी जागा ठेवल्या आहेत. असे एकेरी पूल त्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. पुलाआधी पाटी असते. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा बाण मोठा आणि पांढरा असेल, तर आधी तुम्ही जायचं. लाल कडेच्या गोल पाटीवर तुमचा बाण छोटा आणि लाल असेल, तर थांबायचं. वाचायला सोपं आहे, पण वळण संपताच पाटी समोर येते आणि नजर असते रस्त्यावर. आम्ही ठरवून टाकलं की चालवणाऱ्याने रस्ता पाहायचा आणि शेजारच्याने पाटी मोठ्याने वाचायची. ‘लाल आहे, थांब,’ हे म्हणायचे. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या शेजारच्या सीटवर बसून असा रस्ता सांगितला नव्हता. त्यांनाही ते आवडलं, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. इतकी वर्षं गाडीतून फिरलो, पण डावीकडचं काही नीट पाहिलंच नव्हतं, असं म्हणाले.

ज्यांच्या घरी एकाच माणसाच्या हाती स्टिअरिंग आहे, त्यांनी याचा विचार करावा. हा फक्त बायकांच्या हक्काचा प्रश्न आहे असं मी म्हणत नाही, जरी तो तसाही आहे. परक्या मुलखात, जिथे पुढचं गाव साठ-सत्तर किलोमीटरवर असतं आणि मध्ये फोनला रेंज नसते, तिथे एकट्या चालकाचा ताप, पाठदुखी, डोळ्यात गेलेला कण किंवा एक साधी गोळीसुद्धा दोघांनाही अडकवून ठेवते.

गाडी आम्ही इन्व्हरकार्गिलच्या विमानतळावर परत केली आणि दुसऱ्या वाहनाने ब्लफला गेलो. ऑकलंडच्याही उत्तरेला रेइंगा भूशिराशी सुरू होणारा एक नंबरचा महामार्ग तिथे संपतो. पुढे फोव्हो सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे स्टुअर्ट बेट. तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या कथेत दक्षिण बेट म्हणजे माउई या वीराची होडी, उत्तर बेट म्हणजे त्याने गळाला लावून वर ओढलेला मासा आणि हे छोटं बेट म्हणजे होडीचा नांगर. ब्लफच्या टोकाशी लोखंडी साखळीच्या प्रचंड कड्या समुद्रात शिरताना दाखवल्या आहेत. त्याच साखळीचं दुसरं टोक पलीकडे बेटावर बाहेर आलेलं आहे. नकाशा आणि कथा अशी एकाच कडीत ओवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मी त्या गार कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

या फेरीत गाड्या नेत नाहीत. बेटावर मुळी रस्तेच अठ्ठावीस किलोमीटरचे आहेत आणि वस्ती चारेकशे माणसांची. तासाभराचा प्रवास, पण समुद्र कुकच्या सामुद्रधुनीपेक्षाही रागीट होता. ह्यांनी गोळी घेतली आणि निवांत झोपले. पलीकडे कोणालाच गाडी चालवायची नव्हती. मी बाहेर उभी राहून बोटीबरोबर उडणारे अल्बाट्रॉस पाहिले. पंख न हलवता ते लाटेच्या उतारावरून खाली जात आणि पुन्हा वर येत.

परतताना वीस मिनिटांचं छोटं विमान घेतलं. वैमानिकाने प्रत्येकाचं वजन विचारून कोणी कुठे बसायचं ते ठरवलं आणि मला पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं. जी सामुद्रधुनी येताना तासभर अंगावर आली होती, ती वरून एका नजरेत मावली. इन्व्हरकार्गिलहून त्याच दिवशी ऑकलंडचं विमान होतं.

माझी आपल्याकडे विनंती अशी. पुढच्या वेळी अशा प्रवासावर लेख छापाल तेव्हा एक छोटी चौकट द्यावी. लायसन्स असेल तर दोघांनीही आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, त्याची मुदत एका वर्षाची असते. करार करतानाच दुसरं नाव घालून घ्यावं. फेरी असेल तर त्या दिवशी चालवणाऱ्याने कोणती गोळी घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि सहली आखून देणाऱ्यांनी अर्जात ‘चालक’ या शब्दासमोर दोन रकाने ठेवावेत. आमच्या एजंटला मी परत आल्यावर हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण नवीन छापलेला अर्ज परवा पाहिला, त्यात अजून एकच रकाना आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका